हेमूमामांचा प्रलय

माझे मामा, हेमचंद्र, जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आयुष्यभर नोकरीला होते. तोफगोळ्यांत दारू भरणाऱ्या विभागात. आमच्या इथल्या मराठी घरांत कारखान्यात नसलेला माणूस शोधावा लागतो, त्यामुळे यात विशेष काही नव्हतं. आत जाताना खिसे रिकामे करायचे, काडेपेटी बाहेर ठेवायची, तळाला खिळा नसलेले बूट घालायचे आणि काहीही न आपटता काम करायचं. ती सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की घरी पाण्याचा पेलासुद्धा ते आवाज न करता टेकवत. संध्याकाळी जबलपूरच्याच गोरखपूर भागातल्या घरी आले की यामिनीमामीला विचारत, "आज भाजी काय?" तेवढ्यावर त्यांचं बोलणं भागायचं.

निवृत्त झाल्यावर त्यांना टीव्हीचा नाद लागला. मी शहरातच मदन महलला राहते, शाळेत शिकवते. रविवारी त्यांच्याकडे गेले की बातम्या सुरूच असत. कुठल्या तरी देशात पडलेल्या इमारती, धुळीनं पांढरी झालेली माणसं. एका रविवारी पडद्याकडे बघत मामा म्हणाले, "सुखदा, हे मी भरलेलं तर नसेल?"

"मामा, आपला माल तिकडे कशाला जाईल?"

"वॅगनी भरून जायच्या. फाटकाबाहेर गेल्या की संपलं. कुठं गेल्या, कुठं पडल्या, कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

मला वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी. पण हळूहळू बातम्यांच्या जोडीला मोबाइलवरचे प्रलयाचे व्हिडिओ आले. तापलेले समुद्र, वितळणारा बर्फ, जगाचा शेवट जवळ आल्याचं शपथेवर सांगणारे बुवा. मामा ऐकत आणि मान डोलवत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांनी आपल्या मित्राला, गुणवंतकाकांना, घाटावर पोचवलं होतं. तिथं चितांना जागा नव्हती. तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं होतं की ही सुरुवात आहे.

मामी म्हणायची, "अहो, कलियुगाची लाखो वर्षं बाकी आहेत. कीर्तनकारबुवांनी सांगितलं ना?"

मुलगा यशोधन पुण्याहून फोनवर हसायचा. "बाबा, आजोबांनाही एकाहत्तरच्या लढाईत असंच वाटलं होतं. आहे ना जग अजून?"

"दर वेळी खोटं ठरलं तरी चालते," मामा म्हणाले. "खरं एकदाच व्हायचं असते."

मग गेल्या वर्षी मे महिन्यात शहरात हवाई हल्ल्याच्या सायरनचा सराव झाला. सगळ्यांना आधी कळवलेलं होतं. संध्याकाळी थोडा वेळ दिवेही बंद करायचे होते. मी त्या दिवशी मामांकडेच होते. भोंगा वाजला, गल्ली काळीठिक्कर झाली आणि पोरांनी आरोळ्या ठोकल्या. कोणी शिट्ट्या मारत होतं. मामी देवघरासमोर बसली होती. दिवे आले तेव्हा मामा भिंतीला दोन्ही तळवे टेकून उभे होते, जणू ती पडू नये म्हणून. हात काढले तर चुन्यावर घामाचे दोन पंजे उमटलेले.

"आता इथं राहायचं नाही," ते म्हणाले. "पहिला घाव या शहरावर पडेल. इथं काय काय ठेवलं आहे, मला माहीत आहे."

महिन्याभरात त्यांनी शहरापासून लांब, कुंडम गावाच्या बाहेर, जंगलाच्या कडेला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी मामीला विचारलं, "तुम्ही काहून चालल्या?"

मामी साड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "लग्न झाल्यापासून यांनी काही मागितलं नाही ग. आता हे मागून राहिले."

कुंडमला मामांनी एक खोली नुसती भरली. गव्हाचे पिंप, तांदूळ, मीठ, मेणबत्त्या, औषधं, पाण्याचे ड्रम. टीव्ही मात्र नेला नाही. यशोधन एकदा येऊन बापाशी भांडून गेला. मामीनं दिवाळी कशीबशी तिथं काढली आणि संक्रांतीआधी पिशवी भरली. "जग बुडेल तेव्हा बुडेल," ती मामांना म्हणाली. "तोवर मला कोणाशी तरी मराठीत बोलायचं आहे." मामांनी तिला बसमध्ये बसवून दिलं. बस सुटली तरी ते तिथंच उभे होते, असं मामीनं मला सांगितलं. खिडकीतून तिला ते बराच वेळ दिसत होते.

मेमध्ये शाळेला सुट्टी लागली तेव्हा मामीनं लोणच्याची बरणी देऊन मला कुंडमला धाडलं. मामा वाळले होते, दाढी वाढली होती. शेजारी सुकवारोबाई म्हणून एक गोंड म्हातारी लेक-जावयाकडे राहायची. ती त्यांना भाजी-भाकरी आणून द्यायची. मी पोचले तेव्हाही आली होती, आणि भरलेल्या खोलीच्या दारात उभी राहून मामांना विचारत होती, "भैया, ये सब किसके लिए?"

"जब सब खतम हो जाएगा, तब के लिए, बाई."

"खतम तो हो चुका," ती सहज म्हणाली. "हमारा गाँव पानी में है. बरगी का बाँध भरा था, तब से."

तिनंच पुढं सांगितलं की उन्हाळ्यात नर्मदेवरच्या त्या धरणाचं पाणी उतरलं की गाव उघडं पडतं. यंदा जायला कोणी नेणारं नव्हतं. माझ्याकडे गाडी होती. मामा लगेच म्हणाले, "चल सुखदा." जग बुडायची वाट बघणाऱ्या माणसाला बुडालेली जागा बघायची होती, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. निवास, नारायणगंज ही गावं करत पाण्याच्या कडेला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. गाडी वर ठेवून आम्ही उतरलो. पायाखाली भेगाळलेला गाळ, शिंपले, वाळलेलं शेवाळ. पाण्यात करड्या झाडांचे खुंट उभे होते, त्यांवर बगळे. कुठं आवाज नाही. सुकवारोबाई मात्र बाजारातून घरी निघालेल्या बाईसारखी झपाझप चालत होती. मध्येच वळायची, जिथं वळायला काही कारण दिसत नव्हतं. तिथं गल्ली होती.

एका ठिकाणी दगडी जोत्याचा चौकोन उरला होता, गुडघ्याइतकाही उंच नाही. त्याच्यापाशी ती थांबली, चपला काढल्या, आणि कमरेत वाकून, मान खाली घालून आत गेली. वर नुसतं आभाळ होतं. पण कधीकाळी तिथं दार होतं, आणि त्याची चौकट ठेंगणी असणार.

मामा माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

ती आत चुलीच्या जागेवर बसली. मामा बाहेरच, जिथं अंगण असावं तिथं, गाळात बसले. मग तिनं सांगायला सुरुवात केली. पाणी हळूहळू आलं. आधी शेत, मग देवाची जागा, मग आंबे. "साहब लोग बोले, डरो मत, ये प्रलय नहीं है, बाँध है. हमारे ससुर पूछे, फरक क्या है? कोई नहीं बोला."

"फिर?" मामांनी विचारलं. "उसके बाद क्या किया?"

"ऊपर टेकरी पे गए. बच्ची को भूख लगी थी. तीन पत्थर रखे, चूल्हा जलाया." तिनं चुलीच्या जागेवरून हात फिरवला. "ससुर ने नहीं खाया. वो पानी को देखते रहे. बरसात में मर गए."

त्यानंतर मामा जे बोलले ते त्यांनी घरात कधी कोणाला इतकं उघड म्हटलं नव्हतं. तुटक हिंदीत, तिच्याकडे न बघता. "बाई, मैं बारूद भरता था. गोले में. ज़िंदगी भर. किसी का घर गिरा होगा. बच्चे होंगे अंदर. मेरे को पता नहीं, कहाँ."

सुकवारोबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, ती आता काही समजुतीचं बोलेल, देवाचं नाव घेईल. ती म्हणाली, "हमको तो मालूम है हमारा कहाँ डूबा. गर्मी में आके बैठ जाते हैं. तुम कहाँ जाके बैठोगे?"

मामा गाळातून उठले आणि कपडे न झटकता गाडीकडे चालू लागले.

जूनच्या सुरुवातीला ते गोरखपूरला परत आले. भरलेल्या खोलीतलं सगळं धान्य सुकवारोबाईच्या लेकीकडे टाकलं. मामीनं दार उघडलं, त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आधी दाढी करा." एवढंच. यशोधनला वाटलं, बाबा बरे झाले. त्यानं मला फोन करून आभार मानले. मी काही केलं नव्हतं, आणि मामा बरेही झालेले नव्हते.

मी एकदा विचारलंच, "मामा, अजूनही वाटते का, शेवट आला म्हणून?"

ते अंगणात खुर्चीवर बसले होते. "आला ना," ते म्हणाले. "मला वाटत होतं, सगळ्यांवर एकाच दिवशी येईल. एक भोंगा वाजेल. तसं नसते, सुखदा. इथं भाजीवाला ओरडून राहिला असते आणि तिकडे कोणाचं संपून जाते."

"मग आता भीती कशाची?"

"तो शेवट मी कोणावर आणला, त्याची."

गेल्या रविवारी गेले तेव्हा टीव्ही सुरू होता. मामीनं चहा आणून ठेवला. पडद्यावर एक शहर होतं, म्हणजे शहराचा चुरा. एक बाई विटांच्या ढिगावर हातांनी काहीतरी उकरत होती. पूर्वी मी रिमोट घेऊन बंद करत असे. या वेळी मामांनी हात पुढं करून मला अडवलं. खाली इंग्रजीत गावाचं नाव आलं होतं, ते त्यांना चष्म्यातूनही वाचता येईना.

"काय लिहिलं आहे? वाच बरं."

मी वाचलं. अवघड नाव होतं, माझीही जीभ अडखळली.

"असं नाही. नीट वाच. पुन्हा."

मी अक्षरं सुटी करून वाचलं. मामांनी ते हळूच स्वतःशी म्हटलं, मग परत एकदा, बरोबर येईपर्यंत.