दशरथमामा आणि चारशे बारा मयत

आमच्या दशरथमामाला सरकारने काढून टाकलं. कागदावर कारण लिहिलंय, "आदेशाविरुद्ध वर्तन व त्यामुळे झालेली जीवितहानी." जीवितहानी म्हणजे आम्ही. मी, मामी, शेजारचे, वरच्या लाइनीतले, सगळे. चारशे बारा माणसं मेली असं त्यांच्याकडे नोंदवलंय. मी हे लिहितेय, म्हणजे तुम्हीच बघा.

मामा म्हणजे दशरथ घाडी. मूळचा देवगडकडचा, राहणार घाटकोपरच्या डोंगरावर, रामेश्वर चाळ. बावीस वर्षं परळला मिलमध्ये ब्लीचिंग खात्यात होता. ब्याऐंशीच्या संपात मिल गेली ती गेलीच. मग स्टेशनच्या पलीकडे एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन लागला. तिथे शेंबडी पोरंसुद्धा "ए वॉचमन" करून हाक मारायची. पण डोंगरावर तो वॉर्डन होता. एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउट व्हायचे, तेव्हापासूनचा. पगारबिगार काही नाही. एक खाकी टोपी, एक शिट्टी, एक फोटोवालं कार्ड. कुठे आग लागली, दरड घसरली, कुणाची बाई अडली, की लोक मामाच्या दारात. मिल गेल्यावर त्याला मान म्हणून उरला होता तो तेवढाच. मामी ती टोपी दर रविवारी धुवून पालथ्या पातेल्यावर वाळवायची, आकार बिघडू नये म्हणून.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात भोपाळ झालं. सहा महिन्यांत दिल्लीत ट्रान्झिस्टरमधले बॉम्ब फुटले. मग वर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की उद्या अतिरेक्यांनी मुंबईत विषारी गॅस सोडला तर? विचार बरोबर होता. मी नाही म्हणत नाही. आमच्या डोंगरावर उभं राहिलं की चेंबूरकडच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. आम्हाला भीती वाटायला अतिरेकी पण लागत नाहीत.

तर शहाऐंशीच्या जानेवारीत सायरनच्या ऑफिसातून मामाला कागद आला. त्या ऑफिसचं खरं नाव लांबलचक आहे, आम्ही सायरनचं ऑफिस म्हणतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी अकरा वाजता गॅसहल्ल्याची ड्रिल. वॉर्डनने आपली वस्ती सांगितल्या जागी न्यायची. सोबत सूचनांचं एक पान. वाचायचं काम माझ्याकडे. नववीत शाळा सोडलीय, पण घरात शिकलेली मीच.

मी वाचलं. "विषारी वायूचा सायरन होताच घरातील दिवे मालवावेत. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावावा. उंच जागा सोडून तात्काळ खाली यावे. खंदकात अथवा खोलगट भागात पालथे पडावे. कानात बोटे घालावीत, दातांत रुमाल धरावा."

"परत वाच," मामा म्हणाला.

परत वाचलं. पान उजेडात धरलं तर "विषारी वायू"च्या आधी काहीतरी खोडलेलं. नीट बघितलं तर खाली "विमानहल्ला". एकाहत्तरचं पान! बॉम्ब पडला तर काय करायचं ते. त्याच्यावरच फुल्या मारून विषारी वायू टाइप केला होता आणि सगळ्या वॉर्डनना वाटला होता.

मी हसत सुटले. "मामा, अकरा वाजता दिवे मालवायचेत रे. सूर्य कोण विझवणार, मामी?"

मामा पण हसला. मग एकदम थांबला. "गॅस काय दिवा बघून येता काय?" म्हणाला. "आणि खाली? खाली कित्याक?"

खाली म्हणजे कागदात सांगितलेली जागा, नाल्याकडचं म्युनिसिपल शाळेचं मैदान. डोंगराच्या तळाशी, बशीसारखं.

मामाने मग धोंडूची गोष्ट सांगितली. आधी कधी सांगितली नव्हती. मिलमध्ये एकदा क्लोरीनचं सिलिंडर लीक झालं. बारा जण पाळीवर. अकरा जण लोखंडी जिन्याने गच्चीवर पळाले. मामाचा जोडीदार धोंडू घाबरून हौदाच्या खड्ड्यात उतरला, वाटलं आडोसा आहे. गॅस हवेपेक्षा जड. पाण्यासारखा उतरतो आणि खड्ड्यात साचून बसतो. गच्चीवरचे अकरा जण खोकून खोकून मोकळे झाले. धोंडूला बाहेर काढला तो जिवंत होता, पण पुढे दोन पायऱ्या चढला की बसायचा. दोन वर्षांत गेला.

"तोंडाला ओलं फडकं आणि वर," मामा म्हणाला. "वारा आडवा कापत वर. ही माझी माणसं मी खड्ड्यात नेऊ?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सायरनच्या ऑफिसात. साहेब विद्याधर गुप्ते, चष्मा, पांढरा शर्ट, माणूस बोलायला चांगला. त्यानेच तर डोकं जास्त फिरतं. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

"घाडी, तुमचं म्हणणं पटतंय मला," तो म्हणाला. "पण हे छापील आहे ना."

"टाइप केलंय साहेब," मी म्हटलं. "आणि खोडलंय पण."

"ही कोण?"

"भाची. साहेब, गॅस खाली बसतो. मी बघितलाय."

"अहो, पण मला वरून जे येतं ते मी खाली देतो. दुरुस्ती सुचवायची असेल तर तीन प्रतींत अर्ज करा. समितीपुढे ठेवू."

"समिती कधी बसते?"

"ड्रिलचा अहवाल आला की."

म्हणजे आधी चुकीचं करा, मग चुकीचा अहवाल द्या, मग त्यावर समिती बसणार! मी तोंड उघडलं तर मामाने माझा दंड दाबला. भिंतीशी काचेच्या कपाटात एक गॅसचा मास्क होता. अख्ख्या वॉर्डात तेवढाच. मामाने विचारलं, लोकांना निदान दाखवायला मिळेल काय? तर किल्ली ज्याच्याकडे तो गावाला गेलेला. त्याऐवजी साहेबांनी रेतीच्या दोन लाल बादल्या दिल्या. गॅसवर रेती टाकायची. बादलीत रेतीपेक्षा विड्यांची थोटकंच जास्त.

निघताना गुप्तेसाहेब जरा हळू आवाजात म्हणाले, "घाडी, पंधरा वर्षं होत आली तुम्हाला. एक दिवसाचा प्रश्न आहे. माणसं मैदानात आणा, मी टिक करतो, विषय संपला. नाही आणलीत तर मला तुमचं कार्ड काढून घ्यावं लागेल. माझ्या हातात काही नाही."

बादल्या आम्हीच डोंगरावर चढवल्या.

चाळीत सगळे मामाला समजवायला लागले. चक्कीवाला बाळा परब तर रोज दळण टाकायला आलेल्या बायकांसमोर सुरू व्हायचा. "दशरथ, ड्रिल आहे रे, खरं थोडंच आहे? खाली म्हणतात तर खाली जायचं. नाटकात राजा मरतो तो काय खरा मरतो?"

मामा म्हणाला, "बाळा, नाटकात जे पाठ होतं तेच तोंडातून निघतं. खरा सायरन वाजेल तेव्हा कोण विचार करणार आहे? पाय जिथे एकदा गेले तिथेच जातात. पोरंटोरं खालीच पळतील."

"आणि टोपी गेली तर?"

मामा उठून घराकडे निघाला. बाळाला वाटलं, जिंकला.

पण मामीला माहीत होतं, मला माहीत होतं. मामा सोसायटीतून ड्यूटी करून आला की गेटवरचा निळा शर्ट खुंटीला टांगायचा आणि टोपी घालून चाळीत एक फेरी मारायचा. आठवडाभर मारली नाही. घरात बसून टोपी हातात फिरवत राहायचा.

रविवार उजाडला. अकराची वेळ ज्याने ठरवली त्याला डोंगरावरचं काय माहीत! आमच्याकडे नळाला पाणी साडेदहाला येतं, बाराला जातं. सायरन वाजो नाहीतर आभाळ पडो, कुठली बाई हंडा सोडून जाईल? जयंतीकाकी तर म्हणाली, "मेले तर मेले, कळशी भरून मरेन."

मामाने त्याच्यातच मार्ग काढला. दहा वाजता दारोदार फिरून सांगितलं, "फडकी भिजवायला पाणी लागणार. प्रत्येकीने आपली पहिली कळशी घ्यायची आणि घेऊनच चढायचं. बाकी हंडे नळावर रांगेत राहू देत. नंबर कोणाचा हलणार नाही, जबाबदारी माझी." बायका लगेच तयार. सरकारच्या हुकुमाने जे जमलं नसतं ते नळाच्या नंबराने जमलं.

मामी टोपी पुढे करत म्हणाली, "खंय नेतलास त्यांका? वर काय खाली?"

"वर."

"मगे टोपी?"

"मरांदे ती टोपी," म्हणाला, आणि दोन्ही हातांनी नीट बसवून घातली.

सायरन वाजला. मामाने शिट्टी फुंकली. चारशे बारा माणसं तोंडाला ओली फडकी बांधून, म्हाताऱ्यांना धरून, कळश्या घेऊन डोंगर चढली. मामाने टेकडीवर बांबूला मामीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. वारा कुठून येतो ते बघून त्याने माणसं डावीकडच्या खडकावर बसवली. चौदा मिनिटं लागली. एक पोरगा मागे राहिला नाही. बाळा परब पण आला, पिठाने पांढरा, शिव्या देत देत.

वरून खालचं सगळं दिसत होतं. नाल्याकडच्या चाळीतली माणसं मैदानात पालथी पडली होती, कानात बोटं घालून. साहेबांच्या लोकांनी खोटा गॅस म्हणून रस्त्याच्या वळणावर पिवळ्या धुराचा डबा फोडला. धूर जरा उचलला, मग आळसटल्यासारखा खाली सरकला. पायऱ्यांवरून, गटारावरून घसरत मैदानात जाऊन बसला. पालथी पडलेली माणसं खोकत उठायला लागली. एक शिपाई भोंग्यावर ओरडत होता, "झोपा! झोपा! नियम मोडू नका!"

आमच्या खडकावर कोणी हसलं नाही. जयंतीकाकी नुसतं म्हणाली, "अगो बाई."

अर्ध्या तासाने गुप्तेसाहेब धापा टाकत वर आले. डोळे लाल, शर्ट पिवळा. जयंतीकाकीने कळशीतलं पाणी दिलं, ते प्यायले. मग बांबूकडे बघितलं, खाली मैदानाकडे बघितलं.

"साहेब, दिसतंय ना?" मामाने विचारलं.

"दिसतंय हो घाडी."

"मग लिहा."

साहेबांनी फॉर्म काढून मामासमोर धरला. "कुठे लिहू? दोनच रकाने आहेत. 'मैदानावर पोचले' आणि 'मयत'. तुमची माणसं मैदानावर पोचली नाहीत."

"आम्ही बसलोय की इथे!" मी ओरडले. "हात लावून बघा!"

"मुली, मला काय आनंद होतोय का?" ते म्हणाले. आणि माझ्या डोळ्यांदेखत पेन काढून लिहिलं, मयत, ४१२. खालच्या चाळीचे खोकणारे, डोळे चोळणारे, एकाला तर उचलून रिक्षात घातलेला, ते सगळे सुखरूप.

मामाने तिथेच टोपी काढली, घडी घातली, वर शिट्टी आणि कार्ड ठेवलं आणि साहेबांच्या हातात दिलं. साहेब घेईनात. मामाच म्हणाला, "घ्या साहेब. नाहीतर न्यायला परत चढावं लागेल तुम्हाला." मग बायकांना म्हणाला, "चला, बाराला पाणी जाईल."

तो मागे वळून बघत नव्हता, म्हणून मी पण नाही बघितलं. त्या अर्जाच्या तीन प्रती मी लिहिल्या होत्या. त्यांचं उत्तर आजपर्यंत नाही. काढून टाकल्याचं पत्र मात्र चौथ्या दिवशी.

नवा वॉर्डन कोण झाला माहितेय? बाळा परब! चाळीतून नाव मागितलं आणि ह्याने दिलं. मी त्याच्याकडे दळण टाकायचं बंद केलं. लांबच्या चक्कीवर डोक्यावर डबा घेऊन जायचे, पण ह्याचं तोंड नको.

एका सकाळी मामा ड्यूटीवर निघत होता, निळा शर्ट घालून. दारात बाळा. नवी टोपी, कपाळावर घाम.

"काय पाहिजे?" मी विचारलं. "मेलेल्यांच्या घरी कशाला आलास?"

"तुझ्याशी नाही बोलत. दशरथ, खरं सांग. वर की खाली?"

मामाने त्याच्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं?"

"मी काय बोलू? मी वरून बघितलंय ना रे तो धूर." बाळाने टोपी काढून घाम पुसला. "पुढच्या महिन्यात परत ड्रिल आहे. खाली नेलं तर पोरांना तेच पाठ होईल. तू म्हणालास ते डोक्यातून जात नाही. वर नेलं तर माझं पण कार्ड गेलं."

"मग असं कर," मी म्हटलं, "ड्रिल असली की खाली ने आणि खरं असलं की वर. सायरन एकच आहे, ओळख बसून."

मला वाटलं मामा आता त्याला चांगला सुनावेल. मी असते तर दार तोंडावर लावलं असतं.

मामाने निळा शर्ट काढून खुंटीला टांगला. मामीला म्हणाला, "सोसायटीत निरोप धाड, आज येत नाय." आणि बाळाच्या खांद्यावर हात ठेवला. "कागदावर मयतात नाव गेलेलं परवडतं रे. चल, आधी वाऱ्याचं सांगतो. कुठल्या महिन्यात कुठून येतो ते पाठ करावं लागेल तुला."

दोघं डोंगर चढायला लागले. बाळा मागून विचारत होता, "आणि पावसाळ्यात? पावसाळ्यात कसं?"