ऑफिसटाइमचं फूल

कचेरीत त्यांना सगळे मामा म्हणत. शिपाई म्हणून रुजू झाले त्या दिवशी बायकोने स्वतःच्या कुंडीतली एक काडी खुडून त्यांच्या पिशवीत घातली. "याला ऑफिसटाइम म्हणतात," ती म्हणाली. "दहाच्या सुमारास उमलतं, ऊन कललं की मिटतं. अगदी तुमच्या साहेबांसारखं." मामांनी जिन्याच्या खिडकीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात ती काडी रोवली. चिवट जात ती, बघता बघता डबा गुलाबी फुलांनी भरला.

मग मामांचा घड्याळावरचा विश्वासच उडाला. फूल उमललं की कुलूप काढायचं, हा त्यांचा खाक्या. एकदा आभाळ भरून आलं आणि कळ्या काही डोळे उघडेनात. मामा किल्ली मुठीत धरून जिन्यात बसून राहिले. मनगटावर घड्याळं बांधलेल्या कारकुनांना आयतंच निमित्त मिळालं. तेही पायऱ्यांवर गप्पा ठोकत बसले. साहेब आले आणि त्यांचा पारा चढला. "मामा, फुलं संपावर आहेत की तुम्ही?" पण पुढे तेच साहेब पाहुण्यांना खिडकीशी नेऊन ही हकिकत तिखटमीठ लावून सांगत. काय दिवस होते ते!

बायको गेली. मग मामा निवृत्त झाले आणि डबा घरी आणून त्यांनी गॅलरीत तिच्या कुंडीशेजारी ठेवला. तिथेच चुकलं. रोज दहाला दोन्हीकडची फुलं उमलायची आणि मामांचा हात किल्लीसाठी खिशात जायचा. अंगात इस्त्रीचा शर्ट, पण जायचं कुठे? काही दिवस त्यांनी निमूट सोसलं. एका सकाळी मात्र डबा काखेत आणि कुंडी हातात घेऊन ते निघाले. शेजारी दोन्ही देऊन टाकायची, म्हणजे ब्याद गेली.

"बाबा, डबा द्या हवा तर, कुंडी नको," सून भांडी घासता घासता म्हणाली.

"दोन्ही एकच की. नाव काढलं तरी कचेरी आठवते मला."

"आईंना नव्हती आठवत. तुम्ही सगळे जेवणाचे डबे घेऊन गेलात की हे उमलायचं. तेव्हा कुठे आई कुंडीपाशी बूड टेकायच्या. म्हणायच्या, तिकडे यांचं ऑफिस भरलं, इकडे माझं सुटलं. तेवढा एक कप चहा त्यांचा. मध्ये कुणी हाक मारलेली खपायची नाही."

मामांनी कुंडी खाली ठेवली. उभ्या कचेरीला या नावाचा अर्थ ते मोठ्या तोऱ्यात सांगत आले होते. बायकोला मात्र तिचा अर्थ कधी विचारला नव्हता, आणि आता विचारायला ती नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं.

"आणि तुझं कधी सुटतं गं?" त्यांनी विचारलं.

सून हसली. "माझं? अजून हा ढीग आहे, मग कपडे, मग..."

मामांनी इस्त्रीच्या बाह्या वर सारल्या. "सरक," ते म्हणाले, "आणि चहा घेऊन बाहेर बस."

घासणी त्यांनी उलटी धरली होती. सुनेने ते पाहिलं, कप उचलला आणि ती गॅलरीत गेली.