उन्हाचा देव अन् पुण्याचा सायब

आमच्या रामदासपेठेतल्या हापिसात एक देव तयार होते, तवरोक दहा किस्से तयार होऊन जाते. देव काँप्युटरातून पुसता येते. किस्से नाई पुसता येत! सांगून टाकतो, डोकं तं हलकं होईन.

मी चौथी नापास. तरी पुतण्या नितीननं मले आपल्या गेमच्या कंपनीत टेस्टर ठेवलं. म्हटलं, "काहून रे बावा? मले तं सही बी धड जमत नाई."

तं म्हणे, "म्हणूनच काका! तुले खेळता आलं, म्हणजे दुनियेत कोणालेही येते!"

गेम असा. एकेकानं एकेक देव घ्याचा, फौज घ्याची, दुसऱ्याचं गाव जिंकाचं. देव सारे नवे, मनानं बनवलेले. जुन्या देवाले हरवलं तं लोक दांडे घेऊन हापिसात येतीन! अट एकच, कोणताच देव दुसऱ्याहून भारी नाई पाह्यजे. बॅलन्स! ते काम हापिसातल्या पल्लवीचं, कोणत्या देवाले किती ताकद द्याची ते तीच ठरवे. पुण्याच्या मोठ्या कंपनीच्या सायबानं गेम इकत घेतला तं हापिस टिकन. नाई घेतला, तं मे संपला का कुलूप.

*

पल्लवीनं वाऱ्याचा देव कमजोर केला, तं धुळीचा माजला. धुळीच्याले दाबलं, तं झोपेची देवी माजली, साऱ्या फौजा घोरून राहिल्या! तिले दाबलं, तं वाऱ्याचा परत हजर. पोरगी डोकं धरून बसली.

म्हटलं, "काहून रडून राहिली वं? माह्या घरी तीन सुना हायेत. मी कधी बॅलन्स कराले गेलो काय?"

*

एक दिवस मी इंजिनियर पोट्ट्याइच्या कानात हळूच टाकलं, "स्क्रीनले जास्वंद लावलं का झोपेच्या देवीची ताकद वाढते. पल्लवीनं लपवून ठेवलं हाये."

दुसऱ्या दिवशी जिकडं पाहा तिकडं जास्वंद! सारे तिलेच घेऊन खेळून राहिले, अन् तीच सारखी जिंकून राहिली. पल्लवी बिचारी गेममधली चूक धुंडून धुंडून थकली.

नितीन भडकला, "काका, तुले काढून टाकू काय?"

"टाक. पण फूल माह्याही स्क्रीनले होतं, अन् मीही जिंकलो!"

*

खरा घोळ उन्हाच्या देवाचा. त्याची ताकद अशी, का दुपारी बारा ते चार कोणाचीच फौज घराबाहेर निघत नाई. आमी सारे नागपूरचे. किती दिवस खेळलो, कोणालेच खटकलं नाई! फौज झोपली का आमीही कूलरपुढं आडवे.

मंग पुण्याहून सायबाचा फोन. "हा काय बग आहे? भर लढाईत सैन्य घरात का बसतं?"

नितीन म्हणे, "सर, दुपार आहे."

"मग?"

आता याले काय सांगाव! सायब म्हणे, "ऊन म्हणजे काही एवढं नसतं हो. कमी करा त्याला."

पल्लवीनं केलं कमी. बिचारा देव नुसता घाम आणाच्या कामाचा राह्यला.

*

मे महिन्यात सायब स्वतः आला. सकाळच्या गाडीनं, स्टेशनवरून एसी टॅक्सीत. खेळाले बसला. बरोबरी. दुसरा देव घेतला. बरोबरी! तिसरा घेतला, तेच.

"यात काहीच का होत नाहीये?"

नितीन हात जोडून म्हणे, "सर, बॅलन्स!"

सायबानं बॅग उचलली. "माफ करा. यात जीव नाही."

पल्लवी भिंतीकडं तोंड करून उभी. एक वाजला होता.

सायबानं मले विचारलं, "काका, रिक्षा कुठे मिळेल?"

म्हटलं, "चौकात उभेच राह्यते, सर! दोन मिनिटं. पायीच जा!"

डोक्यावर टोपी नाई, दुपट्टा नाई. गेला.

पल्लवी वळली. "काका! या टायमाले चौकात कोण राह्यते?"

मी माठाजवळ गिलास धुऊन ठेवला.

धाडकन दार उघडलं. सायब! तोंड टमाट्यावानी लाल, डोक्यावर बॅग. कूलरपुढं खुर्ची ओढली, माठातलं पाणी गिलासावर गिलास रिचवलं.

"रिक्षा नाई भेटला काय, सर?"

"रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही हो!"

मंग पल्लवीकडं पाह्यलं. आवाज एकदम बारीक.

"तो तुमचा उन्हाचा देव... आधी किती ताकद होती त्याची?"