अंदमानच्या आधी बडा तलाव

मराठी बाई म्हणजे समुद्राकाठचीच, असा टाउनशिपमधल्या शेजारच्या भाभीजींचा ठाम समज होता. मी नागपूरची. भोपाळला येईपर्यंत तिथल्या फुटाळा तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. पण त्यांनी "आपके यहाँ तो समंदर ही समंदर" म्हटलं की मी नुसती मान हलवायचे, जणू तो समुद्र माझ्या माहेरच्या परसातच होता.

त्यामुळे यंदा कंपनीच्या प्रवास-सवलतीवर, म्हणजे एलटीसीवर, अंदमानला जायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा क्वार्टरांच्या सगळ्या ओळीला ते रास्तच वाटलं. पटलं नाही ते फक्त घरात. सासर-माहेर दोन्ही नागपूरचंच, म्हणून दर खेपेला ती सवलत आम्ही इमानाने तिकडेच घालवायचो.

"अगं, मद्रासहून बोटीने तीन दिवस," हे म्हणाले. "तुला हबीबगंज स्टेशनपर्यंत बसमध्ये मळमळतं."

हे खरं होतं, म्हणून मी चिडले. "बस वेगळी. बोटीत डिझेलचा वास नसतो." बोटीबद्दल मला एवढीच माहिती होती, आणि तीही चुकीची.

ह्यांची नोकरी कारखान्यात यंत्रांच्या चाचणी विभागात. तिथून काहीही चाचणीशिवाय बाहेर पडत नसे, मग बायको कशी पडणार? अट ठरली: रविवारी भोपाळच्या बड्या तलावात तासभर नाव. पोटातलं पोटात राहिलं तर अंदमान, नाहीतर नागपूर.

मी सकाळपासून उपाशी, तोंडात आवळासुपारी, आणि कुणीसं सांगितलं म्हणून पोटावर ओढणी आवळलेली. हे मात्र दोनदा पोहे खाऊन आले होते. परीक्षकाला कसली भीती? वर मी नाववाल्याला ऐटीत म्हटलं, "भैया, ज़रा हिला के चलाना."

त्याने मनापासून हलवली. मी काठावरच्या श्यामला टेकडीवर डोळे रोवून बसले. थोड्या वेळाने लक्षात आलं, परीक्षक बोलेनासे झालेत. पाहते तर चेहरा दुधीभोपळ्यासारखा.

"काठाला घ्यायला सांग," एवढंच म्हणाले, आणि काठ यायच्या आत पोहे तलावाला अर्पण झाले.

काठावर मी त्यांना आवळासुपारी दिली. हसले नाही. हसले असते तर नागपूर पक्कं होतं. एवढी अक्कल तेव्हाही होती, बाकीची यायची होती.

सुपारी चघळून झाल्यावर हे म्हणाले, "चाचणी तुझी होती."

"हो."

"मग पास." आणि आणखी एक सुपारी मागितली.

घरी परतलो तर भाभीजी फाटकातच. "भाईसाहब का मुँह क्यों उतरा है?"

"समंदर की प्रैक्टिस," मी म्हटलं. "मैं तो ठीक हूँ, भाभीजी. इनका गाँव ज़रा अंदर पड़ता है."

ह्यांनी नुसती मान हलवली, अगदी माझ्यासारखी. आणि सोमवारी अंदमानचा अर्ज दिला.