ठवकर मॅडमचा सेफ्टी टॉक

प्रा. निर्मला ठवकर मॅडमशी माझी पहिली ओळख झुरळांवरून झाली. त्या प्राणिशास्त्र विभागात नव्यानं रुजू झालेल्या, मी महाविद्यालयाच्या कार्यालयात हेडक्लार्क. प्रात्यक्षिकासाठी झुरळं हवीत, असा अर्ज त्यांनी आणला. तीन प्रतींत आणा, म्हणून मी तो परत केला. मॅडमनी पदर खोचला, माझ्याच कपाटामागून सात झुरळं पकडली आणि म्हणाल्या, "पोचपावती द्या जी!" तेव्हापासून मी त्यांना वचकून आहे. आज त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथासाठी लिहितानाही मजकूर दोनदा तपासतो आहे.

मॅडमनी एकाच गोष्टीसाठी जिवाचं रान केलं. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधांतून पसरतो, त्यातून पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होऊ शकतो, आणि त्यावर लस आहे, हे कॉलेजच्या पोरांना कळावं. आधी त्यांनी प्रश्नावली वाटली. आमच्या भिलाईत एका बाकावर तेलुगू, मल्याळी, बंगाली, छत्तीसगढी आणि मराठी घरांतली पोरं बसतात. प्रत्येकाची घरची भाषा वेगळी, वरणाची फोडणी वेगळी. एका पठ्ठ्यानं एचपीव्ही म्हणजे पोलादाच्या प्लांटमधलं नवं मशीन, असं ठोकून दिलं होतं. पण 'या विषयावर घरी कोणाशी बोलता?' या प्रश्नाला झाडून सगळ्यांचं उत्तर एकच: कोणाशीच नाही. "पाहा बावणेभाऊ, राष्ट्रीय एकात्मता!" मॅडम म्हणाल्या.

मग व्याख्यान ठरलं. सूचना लिहिणं माझ्याकडे. खरं सांगतो, ते शब्द फळ्यावर लिहायला माझा हात धजेना. 'महत्त्वाचा सेफ्टी टॉक, पालकांसह हजर राहावे' एवढं लिहून मी मोकळा झालो. आमच्या गावात याहून मोठा घोळ घालता येत नाही. प्लांटमध्ये शिफ्टच्या आधी सेफ्टी टॉक होतो आणि त्याला दांडी मारायची कोणाची छाती नसते. दुसऱ्या दिवशी सभागृहात हेल्मेट नि सेफ्टी शूज घातलेले पन्नासेक बाप हजर! मुली ओढणीत तोंड लपवून बसलेल्या, मुलं छताकडे पाहत होती. मी खांबामागे उभा होतो.

मॅडम जराही डगमगल्या नाहीत. त्यांनी बापांना हिंदीतच विचारलं, "हेल्मेट चोट लगने के बाद पहनते हो क्या?"

"नहीं मॅडम!" सभागृह दणाणलं.

लसही तशीच आधी घ्यायची, मुलींनी आणि मुलांनीही, असं त्यांनी समजावलं. लस घेतली तरी मुलींनी पुढे तपासणी सोडायची नाही, हेही बजावलं. बाप मान डोलवत होते. मलाच राहवलं नाही. माझी लेक पल्लवी तिथंच बी.एस्सी.ला. लशीसाठी तिनं मॅडमकडे आधीच नाव दिलं म्हणून मी घरात महिनाभर अबोला धरला होता. अठरा पूर्ण झाल्यामुळे सही तिचीच चालणार होती, पण माझ्या होकाराशिवाय ती जायला तयार नव्हती.

"पण मॅडम, लग्नाआधी कावून?" मी खांबामागूनच विचारलं. "लोकं काय म्हनतीन?"

"पापा, आप भी ना!" पल्लवी ओरडली. "कमसे कम मॅडमले तरी सोडा!"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडे पाहत मराठीत म्हणाल्या, "बावणेभाऊ, मागच्या वर्षी मी दोन महिने रजेवर होती नं, मले हाच कॅन्सर झाला होता. तपासणीत लवकर सापडला म्हून वाचली. दवाखान्यात एकटीच जात होती, कोनाले सांगायची लाज वाटे. माह्या वेळी लस नव्हती. तुमच्या पोरीच्या वेळी आहे, अन् तुमी लोकांले भिऊन राहिले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज त्यांच्या हजेरीपटावर शिक्के मारणारा मी, बाईंना काय झालंय हे कधी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पल्लवीला मी स्कूटरवर बसवून लशीला नेलं. तिला काही झालं नाही. सुई पाहून चक्कर मला आली आणि नर्सबाईंनी पोरीला सोडून बापाला झोपवलं.

साठीला दीर्घायुष्य चिंतायचा रिवाज आहे. मी मात्र रिवाज म्हणून चिंतत नाही. मॅडमची पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे आणि पल्लवीनं परस्पर ठरवून टाकलंय, "मॅडम अकेली कावून जाईन? मी हाय नं!" मॅडम, निरोगी राहा, शंभरी गाठा, आम्हाला असंच रागवत राहा. आणि तपासणीला यापुढे एकट्या जायचं नाही.