आबाजींचा रोडगा

रोडगा भाजावा तर मीच. मी म्हणते म्हणून नव्हे. साखरखेर्ड्यापासून नांदुऱ्यापर्यंत आमचा गोतावळा पसरलाय, त्यात कुणालाही विचारा. मात्र ही विद्या माझी नाही, माझ्या आजोबांची. त्यांना आम्ही आबाजी म्हणायचो.

चंपाषष्ठीला आमच्या खळ्यावर रोडगे आणि वांग्याची भाजी व्हायची. कणीक मळायची बायकांनी, भाजायचं पुरुषांनी, अशी रीत. गोवऱ्यांचा विस्तव पडला की आबाजी कणकेचे मुठीएवढे गोळे त्यावर शेकायचे, मग तापल्या राखेत पुरायचे. मध्येच ढिगाला कुणी हात लावायचा नाही. वाफ गेली की आत कच्चं राहतं. बाहेर काढल्यावर प्रत्येक रोडगा कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवायचे. आवाज पोकळ आला तर पंगतीला, नाही तर परत राखेत.

त्यांची एक खोड होती. परक्याने भाजलेला रोडगा ते खात नसत. देऊळघाटला सोयऱ्यांकडे जेवणाचं आवतन असलं तरी उपरण्याच्या टोकाला घरचा रोडगा बांधून न्यायचे आणि भर पंगतीत खुशाल गाठ सोडायचे. आजीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. पावसाळ्यात आबाजींचा उजवा हात लुळा पडला. चंपाषष्ठी आली तसे काका म्हणाले, "औंदा मी भाजतो."

मी तेव्हा परकर नेसणारी पोर, पण आबाजींच्या शेजारी राखेत बसूनच वाढलेली. मी म्हटलं, "काका, तुमाले जमनार नाही. मले येते."

"पोरीनं विस्तवाशी बसनं शोभते काय?" काका हसले, मग सगळेच हसले. बाजेवर बसलेले आबाजी तेवढे हसले नाहीत.

"भाजू द्या तिले," ते म्हणाले.

माझी मान ताठ झाली. पंगतीची मला फिकीर नव्हती. पण आबाजींना माझा रोडगा गेला नाही, तर सणाच्या दिवशी ते नुसत्या भाजीवर उठणार होते. ते मला सोसलं नसतं.

विस्तव पाडला, गोळे शेकले, राखेत पुरले. काकांना भूक आवरेना. थोड्या वेळाने ते काठी घेऊन ढीग उकरायला आले.

"काका, ढिगाले हात नोका लावू!" मी अशी ओरडले, की बांधलेल्या बैलांनी माना वर केल्या.

"तुले काय समजते वं?" म्हणत त्यांनी काठी खुपसलीच. भसकन वाफ निघाली. मी काठी हिसकावून घेतली, बाजूचा विस्तव ओढून भोक बुजवलं आणि ढिगासमोर ठाण मांडलं. पंगत ताटकळली, बायकांची कुजबुज सुरू झाली. मी ढिम्म हलले नाही. धग जोखायला आबाजी धरायचे तसा मी राखेवर तळहात धरून बसले.

शेवटी रोडगे काढले, राख झटकली आणि पहिला आबाजींकडे नेला. त्यांनी डाव्या हाताने तो कानाशी धरला. वाजवायला उजवा हात उठेना.

"वाजव," ते म्हणाले.

मी पेराने वाजवला. त्यांनी डोळे मिटले. "अजून." मी पुन्हा वाजवला. मग तो फोडून तुपात कुस्करला. त्यांनी घास घेतला, बराच वेळ चावला आणि ताट पुढे सरकवलं. "अर्धा अजून टाक."

मला रडूच फुटलं. डोळ्यांत धूर गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. सर्वांत जास्त रोडगे काकांनी हाणले आणि वर म्हणाले, भूक लागली की काहीही गोड लागतं.

शाबासकीचा शब्द काही आबाजींच्या तोंडून निघाला नाही. पण काही दिवसांनी देऊळघाटहून आवतन आलं. दारात बैलगाडी अजून जुंपायची होती, आणि डाव्या हातात उपरण्याचं टोक धरून आबाजी मला हाका मारत होते.

"दोन रोडगे भाजून दे वं माय. लोकाचे मी खात नाही."