साहेबांना पाठवलेली पेटी

आम्हाला कर्ज नाकारणाऱ्या त्या बँक मॅनेजरचा चेहरा आठवला की आजही माझं डोकं फिरतं. तो आता म्हातारा झाला असेल, कदाचित गेलाही असेल. माझा राग मात्र ठणठणीत आहे.

बँका सरकारी होऊन काही वर्षं झाली होती. नागपुरात माझी आणि नवऱ्याची संत्र्यासाठी लाकडी पेट्या करायची शेड होती. काटोलकडचे बागवाले आमच्याच पेट्या न्यायचे. हिवाळ्यात जेवायला फुरसत नसायची आणि उन्हाळ्यात शेडला कुलूप. पण फळ्या घ्याव्या लागत त्या उन्हाळ्यातच, कारण पावसात भिजलेल्या लाकडाच्या पेटीत संत्र्याला बुरशी लागते. त्यासाठी कर्ज हवं होतं, आणि तेही पावसाच्या आत. नाही मिळालं तर धंदा दुसऱ्याच्या हातात जाणार होता.

मॅनेजर पाहणीला आला तो भर मे महिन्यात. कुलूप बघून जीपमधूनच म्हणाला, "धंदा तर बंद आहे."

"साहेब, संत्रं हिवाळ्यात येते. कुलूप खोलतो, आत अवजारं हायेत, पाहून तं घ्या," नवरा हात जोडून म्हणाला.

तो उतरला नाही. त्या जोडलेल्या हातांचा मला मॅनेजरपेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी बँकेत त्याने अर्जावरचं आमचं आडनाव पुन्हा एकदा सावकाश वाचलं. "तुमच्या लोकांसाठी सरकारी योजना आहेत ना? तिकडे जा की."

माझ्या बापाने दीक्षा घेतली ती असल्या माणसापुढे मान खाली घालायला नव्हे. मी म्हटलं, "योजना नाही पाह्यजे, कर्ज पाह्यजे. देत नसान तं काहून देत नाही ते लिहून द्या."

लिहून द्यायची पद्धत नाही म्हणाला. मग मी रोज डबा घेऊन त्याच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसू लागले. येणारेजाणारे विचारायचे, मी सांगायचे, मोठ्याने. शेवटी कंटाळून त्याने कागद दिला: पाहणीच्या वेळी उद्योग बंद आढळला.

शेजारचा शेडवाला हसला. "वहिनी, उगाच भांडून राहिल्या तुम्ही. हंगामात साहेबाच्या घरी संत्र्याची भरली पेटी पोचवतो म्हणा, काम होऊन जाईन." सगळ्याच साहेबांकडे अशी पेटी जायची. आमच्याकडून जाणार नव्हती.

कागद घेऊन मी बँकेच्या मोठ्या ऑफिसात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने हंगामात पुन्हा पाहणी करायचा हुकूम काढला. तोवर पाऊस लागला. एका लाकूड व्यापाऱ्याने कोरड्या फळ्या उधार दिल्या, पण सगळ्या पेट्या त्यालाच, त्याच्याच भावात, या अटीवर. त्या हिवाळ्यात आम्ही आमच्याच शेडमध्ये त्याचे मजूर झालो. नवरा तोंडात खिळे धरून दिवसभर ठोकत राहायचा. खिळे नसतानाही बोलायचा नाही.

मॅनेजर पुन्हा आला तेव्हा हातोड्यांचा नुसता दणदणाट चालला होता. दारातूनच म्हणाला, "काम तर जोरात आहे. मग कर्ज कशाला हवं?"

"हे बी लिहून द्या," मी म्हटलं.

रागाच्या भरात त्याने तेही लिहून दिलं, आणि तिथेच फसला. मोठ्या ऑफिसातल्या अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. शेड बंद म्हणून कर्ज नाही, चालू म्हणूनही नाही. त्याने माझ्यासमोरच मॅनेजरला फोन लावला आणि मला म्हणाला, "बाई, या उन्हाळ्याच्या आत पैसे मिळतील." मला रडू आलं. त्या रडण्याचाही संताप आला.

पैसे मिळाले. उन्हाळ्यात फळ्या आल्या आणि पुढच्या हिवाळ्यात पेट्या आमच्या होत्या, भावही आमचा. नवरा ठोकता ठोकता शीळ घालायला लागला.

मॅनेजर तर पार बदलला. खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा. वरचे साहेब आले की त्यांना आमच्या शेडकडे आणून सांगायचा, हा उद्योग आमच्या शाखेने उभा केला. निर्लज्जपणाला काही सीमा असावी. एकदा हप्ता भरायला गेले तर मला म्हणतो, "ताई, यंदा संत्री गोड आहेत म्हणे."

घरी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, "धाडून दे वं एक पेटी. कायले वैर ठेवतं?"

बरं म्हटलं. चांगल्यातली चांगली पेटी निवडली, झाकण स्वतः ठोकलं, वर आमच्या शेडचा छाप मारला आणि सायकल रिक्षाने साहेबांच्या घरी पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी बँकेचा चपराशी शेडवर आला. बिचारा अवघडला होता. "बाई, साहेबानं इचारलं, पेटी रिकामी कशी निघाली?"

मी हातातला हातोडा खाली ठेवला. "आमचा धंदा पेटीचा हाय, संत्र्याचा नाही. अन् साहेबाले सांगा, या खेपेले तरी तुम्ही आत पाहिलं."